तीन गाड्या बांबूंची ओळ

मी एक खोटं बोललो होतो, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यापाशी मन मोकळं करता आलं असतं असे जे एक-दोघं होते त्यांनाही नाही. खोटं सगळेच बोलतात. कुणी भीतीपोटी, कुणी लोभापायी, कुणी दुसऱ्याला वाचवायला. मी बोललो ते कंटाळा आला म्हणून. कारण इतकं हलकं की सांगायचीच लाज वाटत राहिली. कारण मोठं असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

तेव्हा मी पंचविशीत होतो. साल सदतीस असेल, फार तर अडतीस. हिंगोलीकडून वाशीमकडे जाताना निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागतं, त्या सरहद्दीवर, मोठ्या नाक्यापासून बरंच दूर, आडरस्त्याला जकातीचं एक लहानसं ठाणं होतं. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, रस्त्यावर आडवा लाकडी दांडा. तिथं मी कारकून. लोक मुन्शीजी म्हणत. माझ्या सोबतीला एक मुसलमान जवान होता, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. दांडा वर-खाली करणं त्याचं काम. कोण गेलं, कोण आलं, गाडीत काय होतं, जनावरं किती होती, हे उर्दूत बुकात लिहिणं माझं काम.

दिवसाला पाच-सात गाड्या यायच्या. बाजाराच्या दिवशी पंधरा. बाकी वेळ रस्ता रिकामा. दुपारी माशी येऊन बुकावर बसायची, आणि मी तिला हाकलत नसे. ती गेली तर पाहायला काही उरत नसे.

त्या रिकामपणात मला वाटायचं की कुणीतरी यावं. आणि यायचा तो एक म्हातारा.

तो मेंढ्या राखणाऱ्यांपैकी. दीड कोसावरच्या वस्तीवर राहायचा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात इतक्या जाड वहाणा की तो दिसायच्या आधी त्याचं येणं ऐकू यायचं. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारी, तो पडवीच्या कडेला टेकायचा आणि विचारायचा, "राम राम मुन्शीजी. लागली का नोंद?"

ही नोंदीची भानगड मीच त्याच्या डोक्यात घातली होती. पाऊसकाळ सरला की हे लोक कळप घेऊन वऱ्हाडात चारणीला जात. जाताना राखणाऱ्याचं नाव, गाव आणि मेंढरांचा आकडा आम्ही बुकात लिहायचो, म्हणजे परत येताना परमुलखातली जनावरं म्हणून अडवणूक व्हायची नाही. परतले की त्या ओळीसमोर खूण करायची. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा मी यायच्या दोन वर्षं आधी असाच गेला होता. कळप परत आला, मुलगा आला नाही. सोबत्यांनी सांगितलं की वऱ्हाडातल्या एका बाजारात तो म्हणाला, कापसातली सरकी काढायचं जिन कसं चालतं ते पाहून येतो, आणि गेला तो गेलाच. त्यांनी दोन दिवस शोधलं, मग मेंढरं हाकत परत आले.

म्हातारा पहिल्यांदा आला तेव्हा मी जुनं बुक काढून पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, "बाबा, जाण्याची नोंद आहे. येण्याची नाही."

"म्हंजी नाव अजून उघडं हाय?"

"हो, उघडं आहे."

तेवढं त्यानं घट्ट धरलं. सरकारनं ज्याचं नाव उघडं ठेवलंय तो माणूस कधीतरी येऊन ते मिटवणारच, असं त्याचं गणित होतं.

नुसतं विचारून तो गेला असता तर काहीच तक्रार नव्हती. पण विचारून झालं की तो सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायचा. दर वेळी त्याच शब्दांत, आणि श्वासही त्याच जागी घ्यायचा.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी निंघाले बघा. एकशिंग्या एडका म्होरं, त्याच्या मागं साठ मेंढरं. ढग व्हते पन पानी न्हवतं. सूनबाईनं भाकर वाढली. पोरानं अर्धीच खाल्ली. म्या म्हन्लं, काहून रे बाबा? तर म्हन्तो, ठिव, आल्यावर खाईन." इथं तो उजवा तळहात पुढे करून डाव्या बोटानं त्यावर रेघ ओढायचा. "इतकी ऱ्हायली व्हती."

मग पुढे तो एडका कुठून आणला, त्याचं दुसरं शिंग कसं मोडलं, मुलगा लहानपणी कुठल्या विहिरीत पडला होता. एडक्याच्या शिंगाला चिलीमभर वेळ लागायचा. मध्येच एखादी गाडी आली आणि मी उठलो तर तो थांबून राहायचा, आणि मी परत बसलो की जिथं सोडलं तिथून नाही, दोन वाक्यं मागून सुरू करायचा.

पहिले काही महिने मला त्याची दया आली. मग मी ऐकल्यासारखं करायला शिकलो. मग तेही जड जायला लागलं. वहाणांचा आवाज आला की माझे खांदे आपोआप आवळायचे. दोनदा मी आतल्या खोलीत जाऊन निजल्याचं सोंग केलं. दोन्ही वेळा तो मी उठेपर्यंत बसून राहिला.

जवानाला मात्र त्याचा त्रास व्हायचा नाही. तो अंबाडीच्या वाखाची दोरी वळत बसायचा आणि अधूनमधून "अच्छा?" म्हणायचा. मी एकदा त्याला विचारलं की तुम्हाला वीट कसा येत नाही. तो म्हणाला, "बोलने देव ना मुन्शीजी. हातां को दोरी है, कानां को दूसरा क्या काम है?"

आज मला वाटतं, त्याला कंटाळ्याचं काहीतरी समजलं होतं आणि मला नव्हतं. मी समजत होतो की म्हातारा कंटाळवाणा आहे. खरं म्हणजे त्याची गोष्ट अजून चालू होती. रोज उठून तो त्याच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उभा राहत होता. माझ्या लेखी ती गोष्ट पहिल्या दिवशीच संपली होती. पण हे आता सुचतं. तेव्हा नुसतं डोकं ठणकायचं.

चैत्र होता. सकाळीच हिंगोलीहून कागद आला होता की माझी बदलीची विनंती नामंजूर झाली आहे, आणखी वर्षभर इथंच राहायचं. पत्रा तापला होता. आणि वहाणा वाजल्या.

"राम राम मुन्शीजी. लागली का नोंद?"

मी नाही म्हणालो असतो तर एडका निघाला असता, मागं साठ मेंढरं निघाली असती. मी बुक उघडलं. बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मी काय बोलणार आहे.

"लागली, बाबा."

तो उठून उभा राहिला. जवानाचा हात दोरीवर थांबला.

"परवा सकाळी आला होता," मी म्हणालो. "दांड्यापर्यंत. जिनात कामाला लागलाय. अंगानं बरा आहे. पुढच्या दसऱ्याला येतो म्हणाला."

"मंग इतक्या जवळ येऊन घरला काहून न्हाई आला?"

"गाडी मालकाची होती. लगेच परत न्यायची होती."

एकदा खोटं सुरू झालं की ते फार तल्लख होतं. माझ्या दुसऱ्या कुठल्या कामात मी इतका चटपटीत नव्हतो.

"बुकात हाय?"

"आहे ना." मी समोरच्या पानावर एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ वऱ्हाडातून आलेल्या तीन गाड्या बांबूंची होती.

म्हाताऱ्यानं बोट धोतराला पुसलं. "म्या लावू का हात?" मी मान हलवली. त्यानं त्या ओळीवर बोट टेकवलं, मग तेच बोट कपाळाला लावलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो गोष्ट न सांगता निघाला. जाताना जवळजवळ पळत होता.

जवान थोडंफार उर्दू वाचायचा. तो उठून आला, पानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये तो बांसां के गाड्यां हैं ना, मुन्शीजी?"

"राहू द्या," मी म्हणालो. "त्याला निदान सुखानं झोप लागेल."

"हां," तो म्हणाला. "आप को भी." आणि दोरी वळायला बसला.

पंधरा दिवस म्हातारा आला नाही. पहिले चार दिवस मला फार हलकं वाटलं. पाचव्या दिवशी दुपारी मी रस्त्याकडे पाहत बसलो होतो, आणि वहाणांचा आवाज येत नाहीये हे माझ्या लक्षात आलं. माशी आली, बुकावर बसली. आता मात्र मी तिला हाकललं.

सोळाव्या दिवशी तो आला, पण एकटा नाही. सोबत आठ-दहा माणसं होती. पुढे त्यांच्या जातीचे तीन पंच, मागं शिरड शहापूरकडचे दोघं, एक मध्यमवयीन आणि एक तरुण. ते सुनेचे वडील आणि भाऊ. आणि सगळ्यांच्या मागं, बाभळीच्या सावलीत, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, ती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. नवरा गेला तेव्हा पंधरा-सोळाची असावी. मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. अर्धी भाकर वाढून ठेवणारी एवढीच ती मला माहीत होती.

थोरल्या पंचानं सगळं सांगितलं. त्यांच्यात नवरा मेला, किंवा असा गेला की वर्षानुवर्षं ठिकाणाच लागत नाही, तर पंच बसून बाईला मोकळी करतात आणि तिचा दुसऱ्याशी पाट लावून देतात. त्यात कुणाला कमीपणा नाही. या मुलीच्या माहेरच्यांनी एक माणूस पाहिला होता. बायको वारलेला, पदरी एक लेकरू, स्वतःच्या चाळीस मेंढ्या. अक्षय्यतृतीयेनंतर पाट लावायचं ठरत आलं होतं. सासऱ्याचीही हरकत नव्हती. त्यानंच पंचांना सांगितलं होतं की पोरीचं आयुष्य कशाला कुजवायचं. आणि मग परवाच्या बैठकीत त्यानं उठून सांगितलं की पोरगं जितं हाय, नाक्याच्या बुकात हाय.

"बुकात नवरा हाय म्हना," मुलीचा भाऊ म्हणाला. "घरात न्हाई, रानात न्हाई, बुकात हाय. भाकर बी बुकातच वाढायची का तिनं?"

"गप रे पोरा," पंच म्हणाला. "सरकारी बुकापरास तुज्या तोंडाचं खरं धरावं का आमी?" मग माझ्याकडे वळून, "मुन्शीजी, एकडाव वाचून दावा. जिता असंल तर जित्या नवऱ्याच्या बायकोचा पाट आमाला लावता येत न्हाई. नसंल, तर तसं सांगा. तुमच्या जिभेवर हाय आता."

इतकं सरळ विचारलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, मी चुकलो, ही ओळ बांबूंची आहे.

नोकरी जाईल याची भीती होती, ती मी नाकारत नाही. खोटी नोंद वाचून दाखवणारा कारकून दुसऱ्या दिवशी कामावर राहिला नसता. पण इतकी वर्षं ज्या गोष्टीभोवती मी फिरतो आहे ती वेगळीच आहे. खरं सांगायला वेळ लागला असता. काहून, कसं, केव्हा, असे प्रश्न आले असते. म्हातारा रडला असता, भाऊ अंगावर आला असता, मला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागलं असतं. ऊन मोठं होतं. खोट्याला एक ओळ पुरत होती.

मी बुक उघडलं आणि ती ओळ वाचली. तीन गाड्या बांबूंवर नजर ठेवून मी एका माणसाचं नाव वाचलं, गाव वाचलं, जिनाची नोकरी वाचली, पुढचा दसरा वाचला. जवान दांड्यापाशी पाठ करून उभा होता. तो वळला नाही.

"झालं तर मंग," पंच म्हणाला. "नवरा जिता हाय."

म्हातारा रडत होता आणि हसत होता. मुलीच्या वडिलांनी फटकुरानं तोंड पुसलं आणि जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यात ती बाभळीखालून दोन पावलं पुढे आली आणि पदराआडून म्हणाली, "माज्यासाटी काई निरोप ठिवला का त्याईनं?"

मी म्हणालो, "नाही."

त्या दिवशी मी बोललेला तेवढा एकच शब्द खरा होता.

"दांड्यापोत आला आन् एक सबूद न्हाई," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. मग सगळे आले तसे गेले.

पुढचा दसरा आला, गेला. मुलगा आला नाही. मला वाटलं म्हातारा आता येऊन गळा धरील. तो आला तो माझीच समजूत घालायला. "मालकानं सोडलं नसंल मुन्शीजी. परक्याची चाकरी, तकलीफ ऱ्हातीच." आणि मग टेकून त्यानं गोष्ट सुरू केली. एकशिंग्या एडका, साठ मेंढरं, अर्धी भाकर. पण आता ती तिथं संपत नव्हती. शेवटी नवा भाग जोडला गेला होता. "मंग एक दिशी आमच्या मुन्शीजीनं बुक उघडलं. म्हन्ले, लागली बाबा. म्या बोट धोतराला पुसलं..." माझं खोटं आता त्याच्या गोष्टीत जाऊन बसलं होतं, आणि तेही तो दर वेळी त्याच शब्दांत सांगायचा. ते मी पुढचं सबंध वर्ष ऐकलं. आता मी निजल्याचं सोंग करत नव्हतो. मला तेवढा हक्क उरलेला नाही असं वाटायचं.

मग बदली झाली. हिंगोलीला कचेरीत आलो, लग्न झालं, मुलं झाली. कचेरीत कंटाळवाण्या माणसांना तोटा नव्हता. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो. साहेब म्हणायचे, तुमच्यात सबुरी फार. मी मान खाली घालून कागद लावायचो.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत सरहद्दीवरचे नाके जळाले, त्यात आमचं ठाणंही जळालं. बुकं जळाली. ती बातमी कचेरीत कुणी सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगितलंच पाहिजे. मला बरं वाटलं. आता कुणी ती ओळ काढून पाहणार नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर, राज्य बदलल्यावर, मी वाशीमला एका लग्नाला निघालो होतो. मोटार कोळशावर चालणारी. कनेरगावच्या अलीकडे ती थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून भट्टी ढोसायला लागला. मी पाय मोकळे करायला उतरलो. रस्त्याच्या कडेला मेंढरं चरत होती, आणि काठीला टेकून एक बाई उभी होती. केस कानाशी पांढरे व्हायला लागलेले. कपाळावर कुंकू. गळ्यात काळे मणी. तिशीची असेल, चाळिशीची दिसत होती.

तिनंच ओळखलं. "तुमी नाक्यावरचे मुन्शीजी न्हवं?"

मी हो म्हणालो. म्हातारा दोन पावसाळ्यांमागं गेला होता. शेवटपर्यंत बोलत होता म्हणे. सासूही गेली. आता कळप तीच राखत होती.

"नाका जळाला म्हन्त्यात," ती म्हणाली. "बुक बी जळालं?"

"हो."

"मंग आता ते आले, तर नोंद कुटं व्हईल?"

बुक नव्हतं. साहेब बदलले होते. नोकरीची भीती उरली नव्हती. पंच नव्हते, ऊन नव्हतं. ती आणि मी, आणि भट्टी ढोसणारा ड्रायव्हर. मी म्हणालो, "आता नोंद लागत नाही. कुणीही कुठूनही येऊ शकतं."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "अडवनूक न्हाई मंग." आणि तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी निंघाले बघा. एकशिंग्या एडका म्होरं..."

तेच शब्द होते, श्वासही त्याच जागी. भाकरीपाशी तिनं तळहात पुढे केला आणि त्यावर रेघ ओढली. ती दहा-अकरा वर्षं ही गोष्ट ऐकत आली होती. आता सांगायला तीच उरली होती, आणि ऐकायला मेंढरं. मी ऐकत होतो. खरंच ऐकत होतो. पण मोटारीचं इंजिन धडधडलं आणि माझी मान तिकडे वळली. एकदाच वळली.

ती थांबली. "जा तुमी," म्हणाली. "मामांजी म्हनायचे, मुन्शीजीला कटाळा फार लौकर येतो, पन मानूस दिलाचा बरा."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं दिसत होतं. माझं निजल्याचं सोंगही. आणि तरी तो येत राहिला होता.

मी मोटारीत बसलो. वाशीमला लग्न जेवलो.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी पन्नाशीला टेकलो. ती अजून आहे, त्याच वस्तीवर आहे, एवढी चौकशी मी केली आहे. कुंकू लावते, हेही विचारून घेतलं आहे. तिच्यासाठी माहेरच्यांनी पाहिलेल्या त्या माणसानं त्याच वर्षी दुसरीशी पाट लावला आणि त्याचं सगळं मार्गी लागलं. तिला आता ते मिळायचं नाही, आणि माझ्याकडून भरून येईल असं त्यात काही नाही. पण एक वाक्य आहे, ते माझ्याकडे आहे आणि ते तिचं आहे. ती ओळ तीन गाड्या बांबूंची होती, तुझा नवरा कधी आलाच नव्हता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते सांगायचं, आणि मग ती जे बोलेल ते शेवटपर्यंत बसून ऐकायचं, एवढं मी तिचं देणं लागतो.